मडगावच्या देवळातला प्रश्न



प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आपल्याला एक प्रवासी भेटतो. इथिओपियाच्या राणीचा हा खजिनदार यरुशलेमला भक्तीसाठी जाऊन आता आपल्या देशी परत निघाला आहे. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक मोठ्याने वाचतो आहे. पुस्तक त्याच्या लोकांचे नाही, त्यातला इतिहास त्याच्या देशाचा नाही आणि जे वाचतो ते त्याला पुरते उमगतही नाही. तरी धुळीच्या रस्त्यावर, हेलकावे खाणाऱ्या रथात त्याने ते गुंडाळून ठेवलेले नाही. फिलिप धावत रथाजवळ येतो आणि वाचलेले समजते का, असे विचारतो. खजिनदाराला या प्रश्नाचा राग येत नाही. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो सरळ कबूल करतो आणि फिलिपला आपल्याशेजारी बसवून घेतो.

या उताऱ्यावरची प्रवचने बहुतेक वेळा पुढच्या बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतात, आणि ते योग्यच आहे. पण आज आपण त्या रथातल्या पुस्तकापाशी थोडे थांबू या. परक्या लोकांचे पवित्र पुस्तक एका माणसाने उघडले, त्याबद्दल प्रश्न विचारला आणि उत्तर देणारा त्याच्याशेजारी बसला. देवाचा शब्द एका लोकांकडून दुसऱ्या लोकांकडे जातो तो बहुधा असाच. आपल्या मराठी ख्रिस्ती जीवनाच्या आरंभीही असाच एक प्रश्न आहे. तो बिशपांनी किंवा धर्मगुरूंनी विचारलेला नसून मडगावच्या देवळातल्या एका साध्या भाविकाने विचारलेला आहे. (वसईकडून आलेली आपली जुनी माणसे आजही चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून हा शब्द कोणाला खटकू नये.)

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या मराठीच्या पुस्तकात वाचले असेल. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. पण हे इंग्रज गृहस्थ गोव्यात कसे आले, हे सहसा सांगितले जात नाही. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले स्टीफन्स तरुण असताना त्यांच्या देशात राणी एलिझाबेथचे राज्य होते. कॅथलिक मिस्सा बेकायदा होती आणि कॅथलिक पुस्तके बाळगणे धोक्याचे होते. त्यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड श्रद्धेपायी पकडला गेला आणि त्याने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांत काढली. स्टीफन्स रोमला निसटले, येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. पुढची चाळीस वर्षे ते तिथेच राहिले आणि १६१९ साली तिथेच वारले.

आता पाहा. ज्या माणसाच्या मायदेशात त्याच्या धर्माची पुस्तके लपवून ठेवावी लागत होती, तो जिथे आला तिथे काय चालले होते? पोर्तुगीज सत्तेखालच्या सासष्टीत देवळे पाडली गेली होती. जुन्या पोथ्या-पुराणांवर बंदी होती, कित्येक ग्रंथ जप्त झाले आणि नष्टही झाले. १५८३ साली सासष्टीतल्याच कुंकळ्ळी गावी लोकांनी पाच येशूसंघीयांना मारले आणि त्यानंतर पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केले. ही हकिकत आपल्याच धर्माच्या इतिहासातली आहे. ती झाकून पुढे गेलो तर मडगावचा प्रश्न आपल्याला कळणारच नाही.

तो प्रश्न स्टीफन्स यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवला आहे. रविवारी दुपारी मडगावच्या देवळात लहान मुलांना धर्मशिक्षण देणे चालू होते. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस आला. शिकवण चांगली आहे हे त्याने मान्य केले. मग त्याने विचारले ते आमच्या शब्दांत असे: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हाला वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? ते वाचून आमचा वेळ चांगला जाईल आणि मनाला आधारही मिळेल.

किती साधा प्रश्न आहे! त्या माणसाने वाद घातला नाही आणि जुन्या धर्माकडे परत जातो असेही म्हटले नाही. कॅटेकिझमची प्रश्नोत्तरे तोंडपाठ करून पोट भरत नाही, एवढेच त्याने सांगितले. माणसाला कथा लागते. संध्याकाळी घरच्यांना जवळ बसवून वाचून दाखवण्याजोगे, गाण्याजोगे, आठवणीत राहणारे काही तरी लागते. ते आपल्याकडून काढून घेतले गेले आहे, हे तो धर्मगुरूंच्या तोंडावर म्हणाला. आणि स्टीफन्स यांनी त्याला उलट उत्तर न देता लिहायला घेतले.

१६१६ साली राशोलच्या छापखान्यात जे छापून निघाले ते आपले ख्रिस्तपुराण. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. भाषा मात्र मराठी, मधून मधून कोकणीचा स्पर्श असलेली, आणि छंद ओवीचा. ओवी हा ज्ञानदेवांचा आणि एकनाथांचा छंद. एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती आणि देहूचे तुकोबा आठ वर्षांचे होते. स्वर्गासाठी स्टीफन्स वैकुंठ हा शब्द सहज वापरतात. ग्रंथाला पुराण म्हणणे हेच मुळी केवढे धाडस! त्या माणसाने पुराण मागितले होते आणि त्याला पुराणच मिळाले.

स्टीफन्स आजच्या अर्थाने सर्वधर्मसंवादाचे पुरस्कर्ते होते, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. मूर्तिपूजेविषयी त्यांच्या ग्रंथात कठोर शब्द आहेत आणि बंदीचा त्यांनी जाहीर निषेध केलेला आढळत नाही. ते आपल्या काळाचेच होते. तरीही दोन गोष्टी त्यांच्या नावावर जमा आहेत. येथील लोकांचे ऐकण्याइतके ते त्यांच्याजवळ बसले, आणि येथील लोकांची भाषा त्यांनी देवाच्या गोष्टीला पुरेशी मानली. या भाषांचे आणि ग्रीक-लॅटिनचे काही नाते असावे, असे त्यांनी १५८३ साली आपल्या भावाला पत्रातून कळवले होते. युरोपातील पंडितांना ते पटायला पुढे दोनशे वर्षे लागली.

आणखी एक गंमत. ज्या येशूसंघीयांच्या काळात जुन्या पोथ्या नाहीशा झाल्या, त्यांनीच भाषा शिकण्यासाठी रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. त्या काळच्या गोव्यातल्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना आज त्यांचाच आधार आहे. देव वाकड्या रेघांवरही सरळ लिहितो, हे आपण उगीच म्हणत नाही.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणासुदीला देवळांतून त्याचे वाचन होई, घराघरांतून ते गायले जाई. मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. बोली अर्थातच राहिली, कारण आईची भाषा फर्मानाने जात नाही. पुस्तकांचे मात्र दिवस फिरले. त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो साध्या माणसांमुळे. कारवार-मंगळूरच्या बाजूला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला करून तो जपला आणि त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला. देवनागरीत तो १९५६ साली आला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली, पुण्याहून. म्हणजे एका मराठी संपादकाने आपले पुराण आपल्याला आपल्या लिपीत परत दिले. आपल्या पॅरिशमध्ये मंगळूरकडची काही कुटुंबे आहेत. तुमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी दिव्याच्या उजेडात बसून उतरवलेल्या ओळींमुळे हे पुस्तक जिवंत आहे, हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे का?

या साऱ्यातून आम्हाला जे दिसते ते असे. पुस्तक काढून घेतल्याने कोणाची श्रद्धा पक्की होत नाही. पुस्तक हातात दिल्याने होते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथांत एक व्यक्ती सतत भेटे. तिचे नाव न घेता थॉमस तिला नुसते भाष्यकार म्हणतात. हा भाष्यकार म्हणजे कॉर्डोबाचे मुसलमान विद्वान इब्न रुश्द. अ‍ॅरिस्टॉटल हा ग्रीक, ख्रिस्ताच्या आधीचा. त्याच्यावर भाष्य करणारा मुसलमान, आणि दोघांना समोर ठेवून लिहिणारा आपल्या चर्चचा सर्वांत मोठा आचार्य. थॉमस त्यांच्याशी पुष्कळदा असहमत होतात, कधी कडक शब्दांत. पण असहमत होण्याआधी ते वाचतात. त्यांच्याही कितीतरी आधी, दुसऱ्या शतकात, हुतात्मा संत जस्टिन यांनी शिकवले होते, की देवाच्या शब्दाची बीजे ख्रिस्ताआधीच्या ज्ञानी लोकांतही पेरलेली होती. संत पौलाने अथेन्सला त्यांच्याच कवींचे दाखले दिले. तेव्हा १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे सांगितले, ते काही नवीन खूळ नव्हते. आपल्या घरातला जुनाच दागिना तिजोरीतून बाहेर काढला गेला.

हे सर्व आज सांगायचे कारण असे. मागे धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलीने विचारले, "फादर, शेजारच्या आजींनी मला हरिपाठाची छोटी पुस्तिका दिली आहे. आई म्हणते परत कर. ठेवली तर पाप लागेल का?" वर्गातली बाकीची मुले हसली. आम्हाला मात्र मडगावचा तो माणूस आठवला.

आईची बाजू आम्ही समजू शकतो. आपण शहाडमध्ये मूठभर आहोत. सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याची एन.आर.सी. या कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी कोणी नगर-जालन्याकडून, कोणी वसईतून, कोणी मंगळूर-केरळ-तामिळनाडूमधून इथे आले. एन.आर.सी. २००९ साली बंद पडली, तेव्हा कित्येक घरे पांगली. अशा ठिकाणी मुलांचा विश्वास टिकेल ना, त्यांची लग्ने कुठे होतील, ती मिस्साला येत राहतील ना, ही काळजी खरी आहे. भीती वाटली की माणूस दार लावून घेतो. पण पुस्तिका परत केल्याने त्या मुलीच्या मनातला प्रश्न परत जाणार आहे का? तो तिच्याजवळच राहील, आणि पुढच्या वेळी ती आपल्याला विचारणार नाही.

तिला आम्ही सांगितले, की पाप लागत नाही. आजींनी तुला जे स्वतःला प्रिय ते दिले आहे, तेव्हा ते आदराने वाच आणि जे कळणार नाही ते त्यांनाच विचार. पण त्यासोबत मार्काचे शुभवर्तमान उघड. सोळाच अध्याय आहेत, दीड तासात वाचून होतात. आजींनी उद्या सहज विचारले, की तुमचा येशू काय म्हणतो गं, तर फक्त नाताळचा गोठा आणि क्रूस एवढेच सांगून भागेल का? तिने मान खाली घातली. खरे तर हा प्रश्न तिच्यापेक्षा तिच्या घरातल्या मोठ्यांसाठी होता.

जरा आपल्या आजूबाजूला पाहू या. शहाडचे बिर्लांचे विठ्ठल मंदिर लांबून लोक पाहायला येतात. आषाढी एकादशीला त्या रस्त्याने रिक्षासुद्धा जात नाही आणि आपण वैतागतो. पण त्या गर्दीत उभा असलेला माणूस काय म्हणत असतो, हे जाणून घ्यायला गी देल्युरी नावाचे फ्रेंच येशूसंघीय फादर वारकऱ्यांबरोबर पायी पंढरपूरला गेले होते. तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी फ्रेंचमध्ये केलेले भाषांतर १९५६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले आणि विठ्ठलभक्तीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. अभंगांच्या त्या पुस्तकाला त्यांनी यात्रेकरूची स्तोत्रे अशा अर्थाचे नाव दिले. ज्याला आपली स्तोत्रे पाठ असतात त्यालाच दुसऱ्याच्या अभंगात स्तोत्र ऐकू येते.

तसेच उल्हासनगर, आपल्याला लागूनच. १९४९ साली फाळणीतून आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीचे ते शहर झाले. त्यांच्या पुष्कळ दरबारांत गुरू ग्रंथसाहिबाचे वाचन होते. १६०४ साली, म्हणजे ख्रिस्तपुराणाच्या बारा वर्षे आधी, अमृतसरला सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे पंढरीच्या विठ्ठलाचा मराठी भक्त पंजाबात गेला, त्याचे शब्द शिखांच्या ग्रंथात शिरले, सिंधमध्ये पोहोचले आणि घरदार सोडून आलेल्या माणसांबरोबर उल्हासनगरला आले. इथून रिक्षाने काही मिनिटांवर विठ्ठल मंदिर आहे. एवढा मोठा फेरा घालून नामदेव पुन्हा विठ्ठलाच्या शेजारी येऊन बसले. आपण त्या बाजाराला कपडे घ्यायला जातो आणि येतो.

आणि नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून आलेल्या आपल्या कुटुंबांना श्रीगोंदे माहीत असेलच. तिथले शेख महंमद सतराव्या शतकातले. मुसलमान घरात जन्मून मराठीत ओव्या लिहिणारे. त्यांचा योगसंग्राम आजही वाचला जातो. या भूमीला अशा देवाणघेवाणीची सवय आहे. अलीकडे तिचा विसर पाडण्याची घाई झाली आहे, ती गोष्ट वेगळी.

आपल्या पोथ्यांकडे परत येऊ. नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण त्यांची गीते आपण मिस्सात गातो. १८९३ साली आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो त्यांनी तोडला नाही. त्यांनी ख्रिस्तायन लिहायला घेतले आणि १९१९ साली ते अपुरे टाकून गेले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. लग्नाआधी अक्षरओळख नसलेल्या, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून काही वर्षे त्याच्यापासून वेगळ्या राहिलेल्या त्या बाई. आपल्या पॅरिशमधल्या ज्या माता म्हणतात, की फादर, आम्हाला कुठे एवढे वाचता येते, त्यांनी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे मिळवून वाचावीत, किंवा मुलीकडून वाचून घ्यावीत. हसून हसून पुरेवाट होईल, आणि मध्येच डोळे भरून येतील.

पंडिता रमाबाईंविषयी थोडेच सांगतो. त्यांच्या वडिलांनी त्या काळी मुलीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला. त्या मुलीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. १९२२ साली त्या वारल्या तोवर तो पुरा झाला होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांच्या हातांनी त्याची छपाई झाली. विद्वानांचा शब्द विधवांच्या हातांनी जुळवला गेला, हे शुभवर्तमानाला शोभेल असेच झाले.

आणि आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते २५ जुलै २०२४ रोजी आपल्याला सोडून गेले. वसईचे 'सुवार्ता' मासिक त्यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत चालवले आणि त्यात अन्य धर्मांच्या लेखकांनाही आदराने जागा दिली. त्यांचे सुबोध बायबल २०१० साली आले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते आहे. उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असा गदारोळ काही जणांनी केला. प्रकृती ठीक नसतानाही फादर गेले आणि त्यांनी भाषण केले. ज्ञानोबा-तुकोबा त्यांना परके नव्हते आणि प्रभू येशूचे नाव घ्यायला ते संकोचतही नव्हते. दोन्ही एकाच माणसात कसे राहू शकते, हे ज्यांना समजले नाही, त्यांनी दोन्हींपैकी काहीच नीट वाचले नव्हते असे आम्हाला वाटते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, नाहीतर आमच्या बोलण्याचा भलता अर्थ निघेल. सगळे धर्म शेवटी सारखेच, असे म्हणून हात झटकणे ही वाचनाची पद्धत नव्हे. बहुधा ते न वाचण्याचे निमित्त असते. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच विनोबांनी कुराण मुळातून कळावे म्हणून अरबीचा अभ्यास केला, कुराणातले निवडक सार काढले आणि नव्या कराराचेही सार ख्रिस्तधर्म-सार या नावाने तयार केले. सारखेच आहे असे म्हणून त्यांनी कष्ट वाचवले नाहीत. आपल्यासाठी येशू हा प्रभू आहे, तो मेला आणि उठला. हे आपण कोणाला दुखवू नये म्हणून हळू आवाजात म्हणायचे नाही, आणि कोणाला हिणवण्यासाठी मोठ्या आवाजातही म्हणायचे नाही. शेजाऱ्याची पोथी वाचताना आपल्याला फरकही दिसतील. दिसू द्यावेत. मैत्रीत फरकाला जागा असतेच.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बातमी वाचून आपण आनंद मानला. पण दुसऱ्या मिस्साला वाचकांच्या यादीत विशीच्या आतले नाव शोधावे लागते. मुले इंग्रजी माध्यमात आहेत, त्याला इलाज नाही आणि त्यात गैरही नाही. मात्र जी मुलगी हरिपाठाची पुस्तिका वाचू शकते ती यशयाचा उताराही वाचू शकते. तिला आम्ही तो दिला आहे. रोज संध्याकाळी ती घरी मोठ्याने वाचते, रथातल्या त्या खजिनदारासारखी, आणि जिने पुस्तिका परत कर म्हटले होते ती आई शेजारी बसून उच्चार सुधारते, असे कळले.

येत्या रविवारी दुसरी मिस्सा झाल्यावर धर्मशिक्षणाच्या खोलीत दोन टेबले मांडलेली असतील. प्रत्येकाने घरातले एक जुने धार्मिक पुस्तक आणावे. आजीची कोकणी प्रार्थना, मल्याळी वा तामिळ स्तोत्रे, वसईकडची गाण्यांची वही, फाटकी असली तरी चालेल. कोणाकडे ख्रिस्तपुराणाची प्रत असल्यास अवश्य आणावी, आम्ही त्यातला मडगावचा प्रसंग वाचून दाखवू. शेजाऱ्यांनी भेट दिलेली पुस्तकेही आणायला हरकत नाही. पुस्तकावर नाव आणि इमारतीचा पत्ता पेन्सिलने लिहावा, शाईने नको. पाने सुटी झाली असतील तर ती दोऱ्याने बांधून आणावीत, कारण खोलीतला पंखा जोरात फिरतो.

ख्रिस्तामध्ये आपले,
पॅरिशचे धर्मगुरू